टोपी घातलेला वरवंटा

व्याही मंडळी आली तेव्हा वरवंट्याची आंघोळ उरकून त्याला टोपीही घालून झाली होती.

शकूने तो सकाळीच माळ्यावरून काढला होता. मिक्सर आल्यावर पाटा कुणाला तरी देऊन टाकला, पण वरवंटा तिने जपून ठेवला होता. तो सासूबाईंचा, गोदूबाईंचा. मोहने गावात, कारखान्याच्या चाळीत, याच वरवंट्याला कुंची घालून तिच्या नवऱ्याचं, रवींद्रचं बारसं झालं होतं आणि पुढे वर्तकनगरच्या या घरात लेकीचं, रसिकाचं. आधी दगडाचा हा गोप्या पाळण्यावरून-पाळण्याखालून फिरवायचा, त्याला लाडाने एकमेकींच्या हातात द्यायचं आणि मग बाळाला. असं का, ते गोदूबाईंनी कधी सांगितलं नाही आणि शकूने विचारलं नाही. तिने वरवंटा कोमट पाण्याने धुतला, खोबरेल लावलं, जुन्या दुपट्यात गुंडाळला आणि पाळण्यात पायथ्याशी ठेवला. वर उशीपाशी बाळ झोपलं होतं. त्याच्या नाकात दुधाची नळी होती आणि ती हलू नये म्हणून गालावर चिकटपट्टी.

बाळ चार महिन्यांचं झालं होतं. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं ते राहिलं, कारण तेव्हा ते काचेच्या पेटीत होतं, आणि मग राहतच गेलं. डॉक्टरांनी सगळं एकदाच आणि नीट सांगितलं होतं. मेंदूचा जो भाग वाढायला हवा तो वाढलेलाच नाही. ही मुलगी बघणार नाही, बसणार नाही, बोलणार नाही. ऐकू येतं का, ते मात्र त्यांनाही ठामपणे सांगता आलं नाही. जगेल किती, तर काही महिने, नशीब असेल तर वर्ष-दोन वर्षं. नशीब कुणाचं ते डॉक्टर बोलले नाहीत.

तेव्हापासून रसिका माहेरीच होती. जावई, सिद्धेश, शहाडहून रोज येऊन-जाऊन करत होता. आणि परवा रसिका आईला म्हणाली, मला बारसं करायचंय. साधं, पण सगळं. त्या 'सगळं'वर तिने असा जोर दिला की शकूने पुढे तोंड उघडलं नाही. वरच्या मजल्यावरून पाळणा आला, घुगऱ्या शिजल्या, शेजारच्या तिघी नेसून-सवरून येऊन बसल्या. खोळंबा होता तो फक्त आत्याचा. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते वडिलांच्या बहिणीने, म्हणजे सिद्धेशच्या प्रीतीने. तिच्याशिवाय बारसं उरकायचं कसं?

प्रीती आली, पण ऑफिसला जायच्या कुर्त्यात आणि रिकाम्या हातांनी. मागोमाग सिद्धेशचे वडील सुदेशराव आणि विहीणबाई. सुदेशरावांनी पाळण्याकडे पाठ होईल अशी खुर्ची निवडली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, आधी घरच्या घरी जरा बोलून घेऊ. शेजारणी काय ते समजल्या. एकीला गॅसवरचं दूध आठवलं, बाकीच्या दोघी तिच्या मागून गेल्या. घुगऱ्यांना कुणी हात लावला नाही. शकूला पहिला राग आला तो याचाच, पाहुण्या बायका दारातून उपाशी परत जाण्याचा.

सुदेशराव बोलत होते ते ऐकायला वाईट नव्हतं, हीच पंचाईत होती. आम्हाला काय बाळ नकोसं आहे का, पहिलं नातवंड आमचं. पण जे टिकणारच नाही त्याला नाव देऊन काय करायचं? नाव दिलं की ते चार लोकांत येतं, मग लोक विचारणार, मग जाताना सगळंच जड जातं. विहीणबाईंनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, नाव ठेवलं की माया लागते गं, रसिका.

"लागलीय, मम्मी," रसिका म्हणाली. "नाव न ठेवताच लागलीय."

ती पाळण्याला टेकून उभी होती. अंगावर हिरवी साडी, केसांत गजरा, आणि डोळ्यांखाली चार महिन्यांची जागरणं. शकूला वाटलं, आता नवऱ्याने बोलावं. रवींद्र पाष्टे खिडकीपाशी आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते. माणूस म्हणजे काय, हे शोधण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. त्यावर दोन पुस्तकं होती, कॉलेजातला शेवटचा तास होता ज्याला दुसऱ्या शाखांची मुलंसुद्धा येऊन बसत, आणि निवृत्तीनंतर गावोगावची व्याख्यानं. घरातली माणसं मात्र ते या खोलीतून त्या खोलीत जाऊन चुकवत आले होते. नातीचे सगळे रिपोर्ट त्यांनी वाचले होते, चार-दोन डॉक्टरांना फोन केले होते. तिला त्यांनी एकदाही उचललं नव्हतं. उचलायची वेळ आली की ते हात धुवायला जात आणि बराच वेळ धूत राहत.

"सरच सांगतील तुला," सुदेशराव सुनेला म्हणाले. "मी काय, कारकुनी केलेला माणूस. पण सरांचं डोंबिवलीचं व्याख्यान मी पहिल्या रांगेत बसून ऐकलेलं. अजून मोबाइलमध्ये ठेवलंय."

आणि त्यांनी ते लावलं. खोलीत रवींद्रचा आवाज घुमला, भरदार, मागच्या रांगेपर्यंत जाणारा. जन्माला येतो तो जीव, तो आवाज म्हणत होता. माणूस होणं ही त्याच्या पुढची गोष्ट. ज्याला 'मी' म्हणता येतं, ज्याला उद्याची वाट बघता येते, आपण मरणार हे ज्याला ठाऊक असतं, तो माणूस. बाकी सगळं नुसतं श्वास घेणं आहे. मग टाळ्या, बराच वेळ. टाळ्या थांबल्यावर पाळण्यातला श्वास ऐकू आला. नळीमुळे तो जरा घरघरत होता.

शकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे व्याख्यान तिने इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घालताना ऐकलं होतं, रवींद्र आरशासमोर तालीम करत होते तेव्हा, आणि छान झालंय म्हणाली होती. तिला मामंजी आठवले. सीताराम पाष्टे, मोहन्याच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला, कुणाच्या बापाला न भिणारा माणूस. अर्धांगाच्या झटक्यानंतर या मागच्याच खोलीत तीन वर्षं पडून होते. त्यांना स्वतःचं नावसुद्धा आठवत नव्हतं. रवींद्र पुढच्या खोलीत पुस्तक लिहीत आणि संध्याकाळी दारात उभं राहून विचारत, आज ओळखलं का त्यांनी? ती नाही म्हणाली की दारातूनच परत फिरत. तीन वर्षं ती त्या देहाला आंघोळ घालत होती, भरवत होती, कूस बदलून देत होती. मग मी कुणाला आंघोळ घालत होते, हे तिने नवऱ्याला तेव्हा विचारायला हवं होतं. तेव्हा ती सून होती आणि सुनांनी असले प्रश्न विचारायची या घरात रीत नव्हती.

"ते वेगळ्या संदर्भात होतं," रवींद्र म्हणाले.

"वेगळ्या म्हणजे? दुसऱ्यांच्या मुलांबद्दल?" सुदेशरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि त्यामुळे ते जास्त झोंबलं.

रवींद्रनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग ते सांगायला लागले. 'माणूस' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक शरीराचा, एक जाणिवेचा. पहिल्या अर्थाने कुणी नाकारत नाही. दुसऱ्या अर्थाबद्दल मात्र विचारवंतांत मतभेद आहेत, आणि आपल्याला दुःख होतं म्हणून विचार बदलता येत नाही. त्यांचा आवाज हळूहळू वर्गातला झाला. सुदेशराव मान डोलवत होते. सिद्धेश दाराजवळ जमिनीवर बसून चपलांकडे बघत होता. शकूच्या मनात आलं, या माणसाला आत्ता कुणी फळा दिला तर तो उठून लिहायलाही लागेल.

"बाबा, एवढंच सांगा," रसिका मधेच म्हणाली. "ती आहे की नाही?"

"रसिका, हा प्रश्न असा हो-नाहीत सुटणारा..."

रसिकाने पाळण्यात हात घातला. दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा उचलला, खोली ओलांडून गेली आणि तो बापाच्या मांडीवर ठेवला. वजनाने रवींद्रचे गुडघे हलले. त्यांनी तो पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला.

"याला आईने सकाळी न्हाऊ घातलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तेल लावलं. टोपी घातली. आता सगळे याला बाळ म्हणणार, जोजवणार, जपून एकमेकांच्या हातात देणार. याला 'मी' म्हणता येतं का, बाबा? हा उद्याची वाट बघतो? माझ्या लेकीला तुमच्या व्याख्येत जागा नाही, आणि या दगडाला पाळण्यात आहे?"

"ते प्रतीक असतं," रवींद्र म्हणाले. सवयीने म्हणाले. म्हणताक्षणीच ते शब्द परत घ्यावेत असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांची नजर खाली गेली.

"मग तिलाही प्रतीक समजा. तेवढं तरी समजा."

विहीणबाई पुढे सरकल्या. सगळ्यांची समजूत घालावी म्हणून त्या बोलायला गेल्या आणि नको ते बोलून बसल्या. अगं, आम्ही तरी किती बाजूंनी बघायचं. आज इथे बारसं झालं, शेजारीपाजारी आले, की उद्या चार ठिकाणी कळणार. इथे आमच्या प्रीतीचं जमत आलंय.

"कळणार म्हणजे?" शकूने विचारलं. "काय कळणार?"

सुदेशराव बायकोकडे बघायला लागले. बोलली ती प्रीती. आल्यापासून ती भिंतीला टेकून उभी होती.

"अंबरनाथच्या लोकांना सांगितलंय की बाळ राहिलं नाही," ती म्हणाली. "झालेलं, पण गेलं, असं. मम्मी म्हणाली त्यांना. मी तिथेच बसलेले, पोह्यांचा ट्रे घेऊन. मी पण काय बोलले नाही."

रसिका सिद्धेशकडे वळली. "तुला माहीत होतं?"

सिद्धेशने वर बघितलं नाही. रोज संध्याकाळी तो याच दारातून आत येत होता, हात धुऊन लेकीला छातीशी धरून बसत होता, नळीतून दूध कसं सोडायचं ते त्याला रसिकापेक्षा चांगलं जमत होतं. आणि रोज तो परत जात होता ते त्या मुलीला मेलेली सांगणाऱ्या घरात. तो म्हणाला, "मला वाटलं, प्रीतीचं एकदा होऊन जाऊ दे. मग सांगू."

"मग काय सांगणार होतास? परत जिवंत झाली?"

शकू उठली. विहिणीशी ती कधी वाकडा शब्द बोलली नव्हती. लग्नात मानपानावरून कुरबुर झाली तेव्हाही हसून सावरून घेतलं होतं. आज तिला हसू सापडलं नाही.

"चहापोह्यांच्या बैठकीत बसून जितं लेकरू मारलंत तुम्ही," ती म्हणाली. "त्याच्या बापाची आई आहात ना?"

विहीणबाई रडायला लागल्या, पण त्यांच्या रडण्यातही राग होता. तुम्हाला बोलायला काय जातं, तुमची मुलगी उजवून बसलात. दोन स्थळं आली नि परत गेली. घराण्यात काही आहे का, असं तोंडावर विचारतात लोक. पोरीचं वय थांबतंय का माझ्या? मला काय हौस आहे खोटं बोलायची? त्या खोटं बोलत नव्हत्या, हे शकूला दिसत होतं. तरीही तिचा राग तसूभर कमी झाला नाही. समजून घ्यायची तिची पाळी आजवर खूप वेळा येऊन गेली होती.

सुदेशराव उभे राहिले. झालं ते झालं, म्हणाले, आता इथे थांबण्यात अर्थ नाही. मग रवींद्रकडे वळून म्हणाले, "सर, मी तुमचंच धरून चाललेलो. आम्हाला खोटं बोलताना एवढाच आधार होता, की आपण कुणा माणसाबद्दल बोलत नाहीयोत."

वरवंटा अजून रवींद्रच्या मांडीवर होता.

"प्रीती," रसिका म्हणाली. "तू आत्या आहेस तिची. नाव सांगून जा. मग जा."

प्रीती पाळण्यापर्यंत आली. तिने वाकून बाळाच्या मुठीला बोट लावलं. मूठ उघडली नाही, मिटलीही नाही. प्रीतीचा चेहरा ओढला गेला आणि ती आणखी खाली वाकणार, तेवढ्यात दारातून सुदेशराव म्हणाले, "प्रीती." नुसतं नाव घेतलं, वर काही नाही. तेवढं पुरलं. ती सरळ झाली, रसिकाकडे न बघता पायांत चप्पल सरकवली आणि जिना उतरून गेली. विहीणबाई नाक ओढत तिच्या मागे गेल्या. सिद्धेश अर्धवट उठला, दार आणि पाळणा यांच्या मधे उभा राहिला, आणि त्याला कुणीच हाक मारली नाही. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा त्याने दार आतून लावलं.

"आई, गोप्या घे," रसिका म्हणाली. "सिद्धेश, तू पलीकडे उभा राहा. तुझ्याशी मला काही बोलायचं नाहीये आज. फक्त उभा राहा."

शकूने नवऱ्याच्या मांडीवरून वरवंटा उचलला. त्यांच्या हातांतून तो सुटायला जरा वेळ लागला. बायकांनी करायचं ते काम एका बाईने आणि एका जावयाने केलं. वरवंटा पाळण्यावरून गेला, खालून आला. मग रसिकाने नळी सांभाळत बाळाला उचललं आणि तेही तसंच एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, वरून, खालून. बाळाने मान धरली नव्हती, तिथे सिद्धेशने न सांगता तळवा धरला. बाळ पुन्हा पाळण्यात निजलं. आता पुढचं काम आत्याचं होतं आणि आत्याची जागा रिकामी होती.

शकूला वाटलं रसिका आता रडेल. रसिका बापाकडे बघत होती.

"बाबा, तुम्ही सांगा कानात."

"ते आत्याने..." रवींद्र म्हणाले. "आईसुद्धा सांगू शकते. तूच सांग."

"मी रोज सांगते. मला कुणी विचारत नाही म्हणून रात्रंदिवस मीच सांगते. आज दुसऱ्या कुणीतरी सांगायचंय. तिला मारायला शब्द तुम्ही दिलेत ना त्यांना? आता हा एक द्या."

रवींद्र उठले. शकूला वाटलं, ते हात धुवायला जातील. तशी त्यांची नजर मोरीकडे गेलीही. जाऊन बघाच, असं ती मनात म्हणाली. मोरीच्या आणि त्यांच्या मधे ती उभी होती आणि ती हलणार नव्हती. ते पाळण्यापाशी आले, दोरी धरली, सावकाश वाकले. नातीचा चेहरा इतक्या जवळून ते पहिल्यांदा बघत होते. गालावरची चिकटपट्टी, ओठांच्या कोपऱ्यातला दुधाचा डाग, आणि खाली गोदूबाईंसारखी अरुंद हनुवटी. ते तसेच थांबले. मग मान वर करून त्यांनी लेकीला विचारलं,

"नाव काय ठरवलंयस?"

चार महिन्यांत हा प्रश्न या घरात कुणी विचारला नव्हता. शकूनेही नाही. नातीच्या लंगोटांपासून फिटच्या औषधांपर्यंत सगळं तिने पाठ केलं होतं आणि हे तेवढं राहून गेलं होतं. रसिकाला आता कुठे रडू फुटलं. ती बापाच्या जवळ गेली आणि त्यांच्या कानात तिने नाव सांगितलं.

रवींद्र पुन्हा वाकले. त्यांना कुजबुजता येत नसे. शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय झालेला तो आवाज बाळाच्या कानाशी जाऊनही खोलीभर ऐकू आला.

"संचिता."

कानात नाव पडलं की जमलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायच्या, हसत, लाडाने, ही बारशाची रीतच. बायका निघून गेल्या होत्या. उरली होती एकटी शकू. तिने मूठ वळली आणि नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीत एक घातली. ती रिवाजाची होती, हलकी. मग दुसरी घातली, आणि ती रिवाजाची नव्हती. तिसरीला रवींद्रच्या तोंडून आवाज निघाला. रसिका 'आई' म्हणाली, सिद्धेश एक पाऊल पुढे आला आणि थांबला. शकू थांबली नाही. मागच्या खोलीतली ती तीन वर्षं, दारातूनच परत फिरणारी पावलं, इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घालताना आपणच दिलेली शाबासकी, सगळं तिच्या मुठीत येत होतं. तिच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या, एक फुटून फरशीवर पडली.

रवींद्रनी पाठ वाचवली नाही. एका हाताने त्यांनी पाळण्याची दोरी धरून ठेवली होती, धक्का बाळाला लागू नये म्हणून. शकूचा हात दमून क्षणभर थांबला. तेव्हा ते सरळ होतील असं तिला वाटलं. ते झाले नाहीत. ते आणखी खाली वाकले आणि नाव पुन्हा एकदा सांगितलं.

शकूने परत मूठ वळली.